शेवटच्या रिळातला लाल

"हा रंग चुकलाय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मि-रान खुर्चीतल्या खुर्चीत दचकली.

गेले तीन महिने तिचं हे असंच चाललं होतं. कुणी नुसतं "अहो" म्हटलं तरी तिला वाटायचं, पकडलं. कारण चुंगमुरो या सिनेमावाल्यांच्या वस्तीतल्या त्या जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, ज्या खुर्चीत ती रोज बसायची ती खुर्ची मुळी तिची नव्हतीच. ती होती ह्ये-जूची. ह्ये-जू म्हणजे तिची खोलीतली सोबतीण, तीन वर्षांनी मोठी, रंगकामाची पदवी घेतलेली. जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांना रंग भरणाऱ्या या कंपनीनं तिला फोनवर बोलूनच नोकरी दिली, आणि ऐन वेळी बाईसाहेब लग्न करून कॅनडाला पसार.

"तू जा माझ्या नावानं," जाताना ती म्हणाली होती. "काम तुला माझ्याइतकंच येतं. पदवी नाही म्हणून कुणी दारात उभं करत नाही ना? मग घे माझी. कोण बघतंय?"

कोण बघतंय... बघणारी समोरच होती, पडद्यावर. साठ सालच्या सुमाराचा तो थरारपट. मोठ्या घरची सून नदीत बुडते, आणि तिच्यासारखीच दिसणारी एक बिनलग्नाची शिवणकामवाली तिचे कपडे घालून तिच्या घरात शिरते. सून म्हणून. नवऱ्याला कळलंय की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्या बाईचे भेदरलेले डोळे मि-रान दिवसाचे आठ तास बघायची, एकेक चित्र थांबवून. बाई गं, तुझी माझी एकच गत, असं तिला वाटायचं.

तिनं वळून पाहिलं. दारात एक उंच तरुण, दोन्ही हातांत रेशमी गाठोडी. केसांवर बारीक बर्फ वितळत होता.

"कुठला रंग?" तिनं विचारलं.

"बाहीची पट्टी. मुलगा असलेल्या बाईच्या बाहीला निळी पट्टी लावतात. हिला अजून मूल कुठंय? तुम्ही निळी केलीत." तो हसला. "सॉरी हं. मी वरच्या फोटो स्टुडिओत निघालो होतो, लग्नाचे कपडे पोचवायला. मजला चुकला. पण पडद्यावरचे हे कपडे... हे माझ्या आजीनं शिवलेत."

त्याचं नाव ते-सोप. ग्वांगजांग बाजारात हानबोकचं, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाखांचं दुकान. आजी त्या काळी निम्म्या चुंगमुरोचे कपडे शिवायची. मि-रानचे वरिष्ठ, ग्वाक साहेब, हे ऐकून उडालेच. माणूस आयता दारात आला होता. दर मंगळवारी येऊन कपड्यांचे रंग सांगायचे, असं ठरलं.

"तुमचं साल कुठलं?" पहिल्याच मंगळवारी त्यानं विचारलं. विचारणारच. वय कळल्याशिवाय एकमेकांना हाक तरी काय मारायची?

"अठ्ठ्याऐंशी," मि-राननं पाठ केलेलं म्हटलं. "ड्रॅगनचं साल."

"मी नव्वदचा. घोड्याचं साल. म्हणजे तुम्ही नूना." आणि त्यानं वयानं मोठ्या मुलीला करतात तसा वाकून नमस्कार केला, जरा जास्तच वाकून. "बोला नूना, लहान भावाला काय हुकूम?"

बाकीची मुलं म्हणतात तसं तो "नूना" म्हणत नव्हता, हीच तर पंचाईत. तो म्हणायचा अगदी हळू, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून. मि-रानचे कान तापायचे. आणि मग भीती. हा जिच्याशी बोलतोय ती मी नाहीच.

एकदा चोळीच्या छातीवरचा तो लांब बंद कसा बांधतात हे तिला कळेना. पडद्यावर गाठीच्या घडीत सावली कुठं पडते ते बघायचं होतं. त्यानं गाठोड्यातून एक चोळी काढली, तिच्या स्वेटरवरून घातली आणि बंद हातात घेतला.

"हलू नका नूना."

"मी कुठं हलतेय?"

"तुमचं काळीज हलतंय. बंद थरथरतोय बघा."

"थंडी आहे," ती म्हणाली. हीटर तापून लाल झाला होता.

"जांभळा बंद," गाठ आवळत तो म्हणाला, "म्हणजे नवरा जिवंत. लाल म्हणजे कुमारिका. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही एकच, करडे. लोकांना कुठलं कळायला."

"फसवणाऱ्यांची सोय," ती म्हणून गेली, आणि जीभ चावली. त्याचे हात गाठीवरच थांबले. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

एकदा दुपारी खालच्या नूडल्सच्या दुकानात गेली दोघं. गल्ल्यावरच्या मावशी पेपरातलं जन्मसालांच्या प्राण्यांचं राशीभविष्य मोठ्यानं वाचत होत्या. उंदरांनी प्रवास टाळावा, वाघांनी रागावू नये. वाफाळत्या वाडग्यावरून मान वर न करता मि-राननं विचारलं, "मावशी, मेंढीचं काय लिहिलंय?"

"मेंढी? जवळच्या माणसापाशी मन मोकळं करा, म्हणतंय."

ते-सोपला एकदम ठसका लागला. मि-राननं पाण्याचा पेला पुढे सरकवला. तो पाणी प्यायला, तिच्याकडे बघून उगाचच हसला आणि किमचीची वाटी तिच्यासमोर ठेवली. हा असा का हसतोय?

सिनेमा संपत आला तसा ग्वाक साहेबांनी बॉम्ब टाकला. "शुक्रवारी दुपारी तीनला पहिला खेळ. आणि ह्ये-जू, तुझ्या प्राध्यापक नो बाई येतायत. तुझ्या शेजारचीच खुर्ची ठेवलीय. चार वर्षं शिकवलं म्हणे तुला."

मि-राननं दाराकडे पाहिलं. पळून जावं? गुरुवारी निघून गेलं तर कोण शोधणार? पण मग तो मंगळवारी येईल. खुर्ची रिकामी. नूना, म्हणेल, आणि त्याला खरं नावसुद्धा माहीत नसेल.

बुधवारी तो आला तो आजीचा पत्र्याचा डबा घेऊन. प्रत्येक प्रसंगाच्या कपड्याची चिंधी, टाचणीनं कागदाला लावलेली. शेवटच्या रिळातल्या बंदाची चिंधी त्यानं तिच्या तळहातावर ठेवली.

लाल.

"पण हा तर नवऱ्यासमोरचा प्रसंग आहे," मि-रान पुटपुटली. "सून म्हणून बसलीय ती. जांभळाच हवा. मी तसाच रंगवलाय."

"आजीनं चुकून नाही लावला लाल. त्या बाईनं स्वतःचा बंद बांधला त्या दिवशी. मी तुमची बायको नाही, हे तिनं नवऱ्याला सांगून टाकलं. फक्त पन्नास वर्षं कुणाला दिसलं नाही."

मि-राननं ती चिंधी पडद्याच्या कडेला चिकटवली. मग दोन दिवस जेवण-खाण विसरून तिनं तो बंद लाल केला. एकेक चित्र. मान वर करून बघायचा धीर त्या बाईला होता. आणि आपण?

शुक्रवारी नो बाई आल्या. बुटक्या, चष्मा, हातात ओली छत्री. ग्वाक साहेब कौतुकानं म्हणाले, "ही बघा तुमची ह्ये-जू."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्या काही बोलणार तोच मि-रान उभी राहिली.

"मी ह्ये-जू नाही, मॅडम. मी तिच्या नावानं काम केलं. तिनं हो म्हटलं, पण चूक माझी. मला पदवी नाही." मागच्या रांगेत ते-सोप बसला होता. तिकडे बघायची तिची छाती झाली नाही.

ग्वाक साहेबांचा चेहरा पडला. पाहुणे दारातून आत येत होते. "खेळ संपू दे," ते दातांवर दात ठेवून म्हणाले, "मग बघतो तुझ्याकडे."

दिवे गेले. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. कुणीतरी शेजारी येऊन टेकलं. ओल्या लोकरीचा वास.

"रागावलात ना?" पडद्यावर नजर ठेवून तिनं विचारलं.

"ड्रॅगनच्या सालची बाई मेंढीचं भविष्य कशाला विचारेल?" तो कुजबुजला. "त्या दुपारपासून माहितीय मला."

"मग... नूना का म्हणत राहिलात?"

"दुसरं काय म्हणणार? नाव कुठं सांगितलंस?"

सांगितलंस. मि-रानच्या डोळ्यांतून पाणी आलं. पडद्यावर शेवटचं रीळ सुरू झालं होतं, आणि त्या बाईच्या छातीवरचा बंद लाल होता. सभागृहात कुणीतरी श्वास रोखला. मग सगळे एकदम कुजबुजायला लागले.

खेळ संपला. ग्वाक साहेब तिला जिन्यात भेटले. त्यांचा आवाज उतरला होता. "सोमवारपासून येऊ नकोस. माझा नाइलाज आहे. पण तो लाल... ते काम जिनं केलं तिचंच नाव सिनेमाच्या नामावलीत जाईल. सांग, काय लिहू?"

ते-सोप दोन पायऱ्या खाली मिटलेली छत्री घेऊन थांबला होता; बाहेर पाऊस पडत होता. त्याची नजर तिच्या ओठांवर.

"मि-रान," ती म्हणाली. "शिम मि-रान. एक्याण्णव सालची. मेंढी."

नोकरी गेली, हे तिला कळत होतं. घरभाडं कुठून आणायचं, तेही. पण चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणी मागून हाक मारेल याची भीती नव्हती.

"मि-रान," तो खालून म्हणाला, चव घेतल्यासारखा. "मी तुझ्याहून एका वर्षानं मोठा. चार आठवडे नूना म्हणून वाकवलंस मला. आता मोठ्या मुलाला म्हणतात तसं ओप्पा म्हणावं लागेल."

"बघू," ती म्हणाली. "आधी छत्री उघड."