आधी पट्टा, मग वेळ

बाबांची होडी गेली कुठं?

वादळ सरलं तरी ‘शिंपला’ परतली नव्हती. खारवेळ बंदराच्या टेकडीवर, नौकाकेंद्रात, केतकी पडद्याला डोळे लावून बसली होती. समुद्रातली प्रत्येक होडी आपला ठावठिकाणा आपोआप कळवायची आणि तो विखुरलेल्या विदासाठ्यात (किनाऱ्यावरच्या अनेक यंत्रांत वाटून ठेवलेल्या माहितीत) जमा व्हायचा. हे जाळं तिच्या आजोबांनी, डॉ. पद्माकर नाखवांनी उभारलं होतं.

केतकीनं ‘शिंपला’चं नाव आणि कालच्या दिवसाची वेळ टाकली. उत्तर क्षणात आलं. शेवटची नोंद सावळ्या खडकाजवळची. पुढं काहीच नाही.

“मग तिथं आणखी कोण होतं?” तिनं होडीचं नाव सोडून नुसती खडकाची जागा आणि वेळ टाकली. पडदा अडूनच राहिला.

“आजोबा, आता का अडलं?”

आजोबा तिच्या मागंच उभे होते. ‘शिंपला’वर त्यांचा जावई होता. “शब्दकोशात ‘म’नं सुरू होणारे शब्द कसे शोधतेस?”

“‘म’ची पानं उघडते. सगळे सलग असतात.”

“आणि ज्यांचं दुसरं अक्षर ‘म’ आहे, ते?”

“अख्खा कोश चाळावा लागेल!”

“तेच झालंय, बाळा. आपल्या नोंदी जोडकिल्लीनं (दोन गोष्टी जोडून केलेल्या ओळखीनं) लावल्यात. आधी होडी, मग वेळ. होडी ठाऊक असली की अमुक ते अमुक वेळेच्या नोंदी एकाच यंत्रात सलग सापडतात. नसली, की प्रत्येक यंत्रानं सगळं चाळायचं. त्यात वादळानं निम्मी यंत्रं बंद पडलीत.”

एकेक यंत्र ‘नाही’ म्हणत गेलं. काही बोललीच नाहीत. शेवटी एका यंत्रानं नाव दिलं: ‘रोहिणी’. आता होडी कळली होती. तिच्या नोंदी झटकन आल्या. ती खडकाजवळ थांबली होती, मग पश्चिमेला भरकटली होती. शोधनौका तिकडं धावली.

दुपारी निरोप आला. ‘शिंपला’वरचे हसुरामकाका ‘रोहिणी’वर जिवंत सापडले. बाबा नव्हते. फळी धरून खडकाच्या उत्तरेला वाहत जाताना काकांनी त्यांना पाहिलं होतं.

केतकी हमसाहमशी रडली. आजोबांनी तिला जवळ घेतलं.

खाली बंदरातून होड्या शोधाला निघाल्या. तिनं डोळे पुसले.

“आजोबा, समुद्राच्या कुठल्या पट्ट्यात कोण जाऊन आलं, हे विचारायला पुन्हा सगळं चाळायचं?”

आजोबांनी कळफलक पुढं ओढला. “नाही. यापुढची प्रत्येक नोंद दोनदा लिहू. एकदा होडी आधी, आणि एकदा समुद्राचा पट्टा आधी, मग वेळ. जागा दुप्पट लागेल, लिहिण्याचं कामही दुप्पट.”

“लागू दे!”

नवी मांडणी सुरू झाली. होड्या दूरवर पांगल्यावर केतकीनं खडकाच्या उत्तरेचा पट्टा विचारला. या वेळी एकाच यंत्रानं लगेच उत्तर दिलं: तिथं अजून कुणीच पोचलं नव्हतं.

तिनं बिनतारी यंत्राची कळ दाबली. “खडकाच्या उत्तरेला कुणीतरी जा. तिथं अजून बघायचं राहिलंय.”