दुसरा ॲम्प्लिफायर

स्पीकर आधी घेतले, ॲम्प्लिफायरचं नंतर बघू म्हटलं. फिजिक्स शिकवणाऱ्यानं असं करू नये. पण लातुरात तेव्हा क्लासेसचा असा जोर होता की बाहेरगावची पोरं व्हरांड्यात चटया टाकून बसायची, आणि चार पैसे आले की मास्तरची अक्कलही सैल होते. तरी हौस माझी नव्हती. ते सगळं सिंधुसाठी होतं.

सिंधु माझी बायको. किल्लारीजवळच्या एका खेड्यातली. गणपती बुडवून आले त्या रात्री आईशी भांडून, रुसून अंगणातल्या बाजेवर झोपली, म्हणून भूकंपातून वाचली. आत झोपलेले आई आणि दोन भाऊ गेले. आमचं लग्न त्यानंतरचं. पण ती कधी पक्क्या छताखाली झोपली नाही. घर बांधताना मी कॉलम, बीम, सळई सगळं स्वतः उभं राहून करून घेतलं, तिला आकडे समजावून सांगितले. ती मान हलवून हाव, हाव म्हणाली आणि पत्र्याच्या पडवीत अंथरूण घातलं. आधी मला वाईट वाटायचं. मग तेही वाटेनासं झालं. सिनेमाची तिला आवड. हॉलमध्ये थिएटर केलं तर बाई आत बसेल, बसता बसता डोळा लागेल, एवढीच माझी आशा.

मन्मथ हा माझा जुना विद्यार्थी, नांदेडला साऊंड सिस्टिमचं दुकान चालवतो. एका रविवारी तो दोन ॲम्प्लिफायर घेऊन आला. माझे स्पीकर फार संवेदनशील. अशांना ताकद कमी चालते, पण ॲम्प्लिफायर शांत लागतो, नाहीतर गाणं बंद असतानाही त्याची स्वतःची खरखर ऐकू येते. पहिला अगदी शांत होता. त्यावर गाणं सुरेख वाजलं. सिंधु दारातच उभी राहिली.

दुसरा जुना, जड, फरक दाखवण्यापुरता आणलेला. तो लावला आणि काही न वाजवताच स्पीकरमधून बारीक सूं सुरू झालं. हा घेऊ नका सर, असं मन्मथ म्हणतोय तोवर सिंधु आत आली आणि स्पीकरपाशी मांडी घालून बसली.

"स्टोव्ह पेटवलाय," ती म्हणाली. "आईनं."

मी तिला सर्किटमधला नॉइज समजावला, वर्गात समजावतो तसा. तिनं ऐकून घेतलं आणि हाच ठेवायचा म्हणाली. ठेवला.

मग रोज दुपारी ती तो चालू करायची. गाणं नाही, सिनेमा नाही. नुसतं सूं. ती आत बसत होती, मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी मी पेपर तपासत शेजारी बसलो होतो. स्टोव्हवर भांडं ठेवलं की त्याचा आवाज जसा दबतो, तसा तो दबला. नंतर झाकण वाजलं.

मी वायरी बदलल्या, अर्थिंग तपासलं. मन्मथला बोलावलं. लांब वायर कधी कधी रेडिओ पकडते, असं तो म्हणाला; हे मीच त्याला शिकवलेलं. मग त्यानं स्पीकरला कान लावला, सरळ उठला आणि चहा न घेता गेला.

दुसऱ्या दिवशी ते मीही ऐकलं. बाईमाणसाचा आवाज, सूंच्या खाली बुडालेला.

"सिंधे, रुसलीस व्हय? आत ये."

त्या दुपारी सिंधु हॉलमध्ये झोपली. लग्नानंतर पहिल्यांदा. मला पाहिजे होतं ते झालं होतं, आणि मला काहीच वाटत नव्हतं.

मी मन्मथला तो शांत ॲम्प्लिफायर परत आणायला लावला. सिंधु भांडेल असं वाटलं होतं. "आणा की," एवढंच म्हणाली. मन्मथनं जोडून दिला, जुना उचलून नेला. मी त्याला फाटकापर्यंत सोडून परत आलो.

तिन्हीसांज झाली होती. त्या वेळेला आमच्याकडं कुणी पाठ टेकत नाही.

हॉलमध्ये सिंधुनं अंथरुणं घातली होती. ओळीनं, भिंतीपर्यंत. या टोकाच्या अंथरुणावर ती डोळे मिटून पडली होती. बाकीची रिकामी.

मी उंबऱ्यात थांबलो.

आता खरखर नव्हती. स्पीकरमधून शब्द स्वच्छ आले.

"जावईबापू, भाईर कामून? आत या."

सिंधु डोळे न उघडता सरकली, माझ्यासाठी जागा केली.

मग तिच्या पलीकडची अंथरुणंही एकेक करून सरकली.