अर्ध्यावर सोडलेली कामं

"आधी तो फोन इकडे दे, आई!"

लेकाचा आवाज इतका चढला की नुकतीच शाळेतून आलेली चिऊ पाठीवरच्या दप्तरासकट भिंतीला चिकटली. टेबलावर त्याचा कामावर जायचा शर्ट पसरला होता. एक बाही कडक इस्त्रीची, दुसरी बोळा झाल्यासारखी... आणि आई? आई चक्क जमिनीवर उताणी पडली होती, पोटऱ्या खुर्चीवर टेकवून, कानाशी फोन धरून!

"मला आत्ता निघायचंय. अर्धा शर्ट घालून जाऊ का छापखान्यात?"

"करते रे, लगेच करते..." ती कुशीवर वळली आणि हाताचा रेटा देत उठू लागली.

"रोजचंच झालंय हे! भाजी अर्धी चिरलेली, केर अर्ध्या खोलीचा, कपडे अर्धे पिळलेले आणि आपण फोन घेऊन आडव्या! जन्मभर लोकांच्या पोरांचे कान पिळलेस ना गं तू?"

"आजी फोनवर शाळा शिकते," चिऊ हळूच म्हणाली.

"तू गप्प बस! हिला पण पढवून ठेवलंय."

सून दाराशी चपला काढत होती. इस्पितळातून दमून आलेली, डोळे ओढलेले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं!

"आई, चिऊला सांभाळायचा कंटाळा आला असेल तर स्पष्ट सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही. पण अशी कामं अर्ध्यावर टाकून दाखवत जाऊ नका."

लेकाने फोन खिशात घातला, चुरगळलेली बाही कोपरापर्यंत दुमडली आणि तो निघून गेला. आईच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथेच विरघळलं... एका वाक्याचं तर काम होतं! पण तेच वाक्य ती गेली काही वर्षं प्राणपणाने गिळत आली होती.

तिची कंबर दुखत होती. तशी कोणाची दुखत नाही? पण हे दुखणं पाहुणं म्हणून आलं आणि घरमालक होऊन बसलं. शाळेतून निवृत्त झाली त्याच सुमाराला ते सुरू झालं, आणि त्याच सुमाराला सुनेला फिजिओथेरपीच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. लग्नाआधी हातचं निसटलेलं स्वप्न! तेव्हा सून म्हणाली होती, "आई धडधाकट आहेत म्हणून मी जाते. त्यांना त्रास होणार असेल तर मला नको ते शिक्षण." झालं! त्या क्षणापासून आई धडधाकट झाली. उठताना कळ आली की खोकायची, वाकताना आली की गाणं गुणगुणायची. बाहेर हसू आणि आत नुसता वणवा...

आता शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. आजवर गिळलं, ते आता सांगायचं?

म्हणूनच काही आठवड्यांपूर्वी सगळ्यांच्या नकळत ती गल्लीपलीकडच्या दवाखान्यात गेली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं, फोटो काढून मणके पाहिले आणि मग जे सांगितलं, ते ऐकून तिला रडूच कोसळलं!

"दुखतंय ते खरं आहे, आजी. तुमच्या मनाचे खेळ नाहीत. शस्त्रक्रियेची गरज नाही. पण दुखण्याबरोबर कसं वागायचं ते शिकावं लागेल. फोन वापरता येतो?"

"नातीपेक्षा जरा कमी," ती डोळे पुसत म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याच फोनवर एक शिकवणी उघडून दिली. "नेटवर पावलोपावली वैद्य भेटतील, हे तेल चोळा न् तो पट्टा बांधा सांगणारे. त्यांच्या नादी लागू नका. हे धडे आम्ही स्वतः पारखलेत. रोज थोडं ऐका, थोडं करा, आणि अडलं की मला येऊन विचारा."

आणि काय सांगावं... शाळेतल्या बाईंचीच आता विद्यार्थिनी झाली! शरीर कळ कशी पाठवतं, घाबरलं की ती कळ कशी दुप्पट होते, श्वास पोटात कसा घ्यायचा... धडा संपला की तिला पहिलीच्या पोरासारखं टाळ्या वाजवाव्याशा वाटत. त्यातला सगळ्यात अवघड धडा होता थांबण्याचा. फोनवरचा गोड आवाज बजावून सांगायचा, दुखायला लागेपर्यंत काम ओढू नका. अजून बरं वाटतंय तोवरच थांबा. काम अर्धं राहिलं तरी राहू द्या. पाठ टेका आणि मग पुन्हा लागा. ती गजर लावायची आणि गजर झाला की इस्त्री बंद! मन चुकचुकायचं, पण कंबर सुखावायची. परवाच ती कठडा न धरता गच्चीवर गेली होती आणि वर पोचल्यावर एकटीच खदखदून हसली होती!

आता फोन लेकाच्या खिशात होता, आणि 'कंटाळा आला असेल तर' हे शब्द काळजात. तिने ठरवलं, आता एकही काम अर्धं ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने अख्खं घर झाडलं, सगळे कपडे एका दमात पिळले, इस्त्रीचा ढीग उभ्याने संपवला. गजर नव्हता, थांबणं नव्हतं. दुपारी शेवटची घडी घालताना कमरेतून अशी कळ निघाली की ती टेबलाची कड धरून तशीच उभी राहिली... बसता येईना, हलता येईना!

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

सून! अंगात अजून इस्पितळाचा पांढरा कोट, केस विस्कटलेले, जिना पळत चढल्यामुळे धाप लागलेली.

"आई! तुम्ही पाय खुर्चीवर टाकून का पडता?"

"अगं, परीक्षेचे दिवस, तू अशी मधेच..."

"आधी सांगा! आज सरांनी आम्हाला जुनाट दुखण्याची शिकवणी लावून दाखवली. म्हणाले, रुग्णाला नुसती उघडून देऊन मोकळे होऊ नका, घरच्यांनाही दाखवा. नाहीतर माणूस शहाण्यासारखा अर्ध्या कामावरून उठून पाठ टेकतो आणि घरचे त्याला आळशी म्हणतात... आई, वर्गात सगळे वहीत उतरवून घेत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती बाही आली हो! इस्त्री न केलेली! मी लोकांच्या कमरा बघत हिंडले आणि माझ्या घरात... तुम्ही ती शिकवणी करत होतात ना?"

आईने मान हलवली. खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

"त्यात घरच्यांना सांगायचा एक धडा आहे. तो नाही केलात?"

"तो... गाळला."

"गाळला? तुम्ही? शाळेतल्या बाई असून?"

आणि त्या कळेतही दोघींना हसू फुटलं, हसता हसता दोघींचे डोळे वाहू लागले. सुनेने तिला अलगद धरून जमिनीवर उताणी निजवलं, पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या.

लेक आला तेव्हा त्या तशाच बसल्या-निजल्या होत्या. बायकोने फोनवर सगळं सांगितलं होतं. तो दारातून आत आला आणि आईच्या उशाशी मटकन बसला. खिशातून फोन काढून त्याने तिच्या हातात ठेवला.

"आई, मी... मी तुला काय काय बोललो गं!"

"शर्टाचं खरंच होतं तुझं. पार बोळा झाला होता."

"थट्टा नको करूस! रड, ओरड, एक मुस्काटात लगाव..."

"मी ठरवलंय," सून डोळे पुसत म्हणाली. "यंदा परीक्षेला बसत नाही. पुढच्या वर्षी बघू. आधी तुम्ही."

मग मात्र आईचा तो जुना आवाज निघाला, ज्याने सगळा वर्ग चिडीचूप व्हायचा!

"खबरदार! एवढी वर्षं मी ओठ शिवून बसले ते काय तू हातात आलेला घास टाकावास म्हणून? परीक्षेला बसायचं आणि पास व्हायचं!"

"पण घर? चिऊ?"

"सकाळपाळी मागून घेतो," लेक म्हणाला. "चिऊला शाळेतून मी आणीन. केर, इस्त्री माझ्याकडे. आई, तू नुसती शिकव मला."

"तुला शिकवायचं म्हणजे कंबर दुखायची ती डोकं दुखेल," ती म्हणाली, आणि त्याचा हात तिने छातीशी घट्ट धरला.

"परीक्षेला बसते, पण एका अटीवर," सून तिला कुशीवर वळवत म्हणाली. "आता लपवायचं नाही. मी हळूच दाबते. नेमकं कुठे ते सांगा. इथे?"

"नाही."

"इथे?"

"जरा खाली..."

"इथे?"

"आई गं!"

केवढ्याने ओरडली ती! शेजारच्या खोलीतून चिऊ धावत आली, लेकाचा चेहरा पांढराफटक पडला. आणि ती? जमिनीवर निजल्या निजल्या लहान पोरीसारखी हसत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आपल्याच घरात, आपल्या माणसांसमोर ती मोकळ्या गळ्याने कण्हली होती... आणि सून डोळ्यांतलं पाणी कोटाच्या बाहीला पुसत म्हणत होती, "हं, सापडलं! अजून कुठे, आई? सगळं सांगा..."