मथुरेची बदकं

बांद्याहून सुटलेल्या एस.टी.त मथुरेला खिडकीकडची जागा मिळाली, आणि ती सावरून बसते न बसते तोच कुणीतरी तिच्या मांडीवर एक खोका ठेवला. न विचारता. ठेवणारा भिजून चिंब झालेला एक तरुण होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हातानं वरचा दांडा धरलेला आणि तिकीट दातांत... विचारायला तोंड मोकळं तरी कुठं होतं! खोक्याला भोकं पाडलेली होती. एका भोकातून पिवळी, चपटी चोच बाहेर आली आणि तिनं मथुरेच्या बोटाला चिमटा काढला.

मथुरा हसली. तीन वर्षांत ती अशी हसली नव्हती.

"ह्या काय ओ?"

त्यानं तिकीट खिशात घातलं. "बदकाची पिल्लं आहेत. कालच अंड्यातून निघालेली. आपल्याला त्रास होत असेल तर—"

"आपल्याक म्हणजे कोणाक? मी तर एकटीच आसंय."

तो ओशाळला. गुरुदास त्याचं नाव. सावंतवाडीचा, सरकारच्या जनावरांच्या खात्यात हंगामी नोकर. जिल्हा नवीन झालेला, योजनाही नव्या नव्या निघत होत्या. त्यातल्या एका योजनेत ही तीस पिल्लं ज्याच्या नावावर आली होती, त्यानं खोक्यात डोकावून "कोंबे आसले तर दी, बदकां माका नको" म्हणून दार लावून घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ऊब मिळाली नाही तर खोक्यातलं एकही जगणार नव्हतं.

"मगे माका देवा," मथुरा म्हणाली, आणि बोलून गेल्यावर स्वतःच दचकली.

कारण मथुरेच्या हातात गावात कुणी काही देत नसे. तीन वर्षांपूर्वी खारेपाटणच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं आणि बारा दिवस उरले असताना त्याला साप चावला. त्याच साली बाप गेला. झालं! मथुरा पांढऱ्या पायाची ठरली. लावणीला तिला कुणी बोलावीना, बारशाला बोलावीना. ती दारात आली की शेजारणी तापत्या दुधावर झाकण ठेवीत. आणि आई, राधाबाई, तिची सख्खी आई, तीसुद्धा सकाळी घराबाहेर पडताना लेकीचं तोंड चुकवून पडे. मी त्याला दुष्टपणा म्हणणार नाही, ती भीती होती. पण मथुरेला त्यानं काय फरक पडणार होता?

तर अशी ती तीस पिल्लं मथुरेच्या घरी आली, आणि दर गुरुवारी त्यांच्यामागून गुरुदास येऊ लागला. त्याला तरी बदकांतलं कुठं कळत होतं! प्रशिक्षणातली वही उघडून तो वाची आणि ती करी. डालग्यात भाताचं तूस, वर टांगलेला कंदील. पिल्लं कंदिलाखाली एकमेकांवर चढली तर समजायचं थंडी, लांब पांगली तर समजायचं उकाडा. पाणी असं ठेवायचं की चोच नाकापर्यंत बुडावी, पण अंग भिजू नये.

"बदकां, नि पाण्यात सोडूची नाय?" मथुरेला खरं वाटेना.

"आई असली की तिच्या अंगचं तेल पिल्लांच्या पिसांना लागतं. ह्यांना आई नाही. पाण्यात सोडली तर भिजून गारठतील."

"आवस आसान तरी तेल लागता, असा काय नाय," ती खाली बघत म्हणाली.

त्यानं वही मिटली. "मथुराबाई..."

"बाई म्हणतास तर शाळेत जातंय शिकवूक."

"मग काय म्हणू?"

"नावान हाक मारा. नाव घेतल्यान कोण मरणा नाय—" आणि तिथंच ती थांबली. चेहरा उतरला. खारेपाटणचा तो मुलगा एकदाच भेटला होता, आणि त्यानं तिला एकदाच नावानं हाक मारली होती.

गुरुदासला गावानं सगळं सांगितलेलंच होतं. सांगायला गावाला कितीसा वेळ लागतो! तो जरा पुढं सरकला.

"मथुरा," तो हळूच म्हणाला. मग पुन्हा, "मथुरा... बघ. जितो आसंय."

खात्याची भाषा गळून पडली होती. मथुरेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाहेर श्रावणातली सर पडून गेली होती आणि पागोळ्या उगीचच टपटपत राहिल्या होत्या.

"ही जगली ना," ती पिल्लांकडे बघत म्हणाली, "तर माझा ता नाव पुसला जातला. गावाक दिसतला, माझ्या हातात जीव वाढता."

"जगतली. मी येतंय ना दर बेस्तरवारी."

त्यातली चार पिल्लं जरा अधू निघाली. बाकीची त्यांना खाऊ देत नसत. राधाबाई कुरकुरतच त्यांना चुलीकडे घेऊन गेली आणि पेजेतली शितं घालू लागली. उरलेली सव्वीस मथुरेकडे. तिसऱ्या गुरुवारी गुरुदासनं पिशवीतून शेंगदाण्याची पेंड आणली. नजर वर न करता म्हणाला, "खात्याची आसा. अंग धरतली." पिल्लं त्या पेंडीवर तुटून पडली.

रविवारी पहिलं पिल्लू पाय ओढत चालू लागलं. दुपारी त्याची मान पाठीवर वळली आणि संध्याकाळी ते मेलं. सोमवारी चार गेली. मंगळवारी सात. मथुरेनं तूस बदललं, कंदील वर-खाली केला, पाणी उकळून गार करून ठेवलं. एकेक पिल्लू तळहातावर घेऊन ती फुंकर घालत बसे, आणि ते तळहातावरच ताठ होई. गुरुवारी गुरुदास आला तेव्हा काजूच्या झाडाच्या मुळाशी ती विसावं पिल्लू पुरत होती.

"पेंड खाल्ल्यानी?" त्यानं विचारलं.

"खाल्ल्यानी. एक कण ठेवक नाय."

त्याच्या तोंडावरचं रक्तच आटलं. "काय झाला?" तिनं विचारलं. "काय नाय... थंडी लागली आसतली," तो पुटपुटला, आणि उरलेली पेंड व्हाळात ओतून आला. मथुरेनं ते पाहिलं, पण तिचं लक्षच नव्हतं.

शनिवारपर्यंत सव्वीसच्या सव्वीस गेली. चुलीकडची चार मात्र टुणटुणीत होती. याचा अर्थ गावाला लगेच लागला, आणि मथुरेलाही. आईनं हात लावला ती जगली. मथुरेनं हात लावला ती मेली. यापेक्षा आणखी काय दाखवायचं देवानं? त्या दिवसापासून तिनं हात पदराखाली घेतले. गोठ्यात जाईना, वासराला पाणी दाखवीना. शेजारचं रांगतं मूल तिच्याकडे आलं तर ती उठून मागल्या दारी गेली.

राधाबाईनं शेवटी देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. पुढच्या गुरुवारी सकाळी शेताच्या कडेला, राखणदार देवचाराच्या दगडापाशी वाडीतली माणसं जमली. म्हातारा बाबली गावकर नारळ घेऊन पुढं उभा राहिला. नेमका गुरुदासही तेव्हाच आला आणि मागे उभा राहिला. आठवड्यात त्याची दाढी वाढली होती.

"बा देवा म्हाराजा," बाबलीनं सुरू केलं, "ह्या घराक जी पीडा लागली आसा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या चेडवाच्या हाताक जो दोष आसा, तो आज तुझ्या पायाकडे ठेयतंव..."

"व्हय म्हाराजा."

"नि आजपासून ही खंयच्या जित्या जिवाक हात लावची नाय. घर मांडूची नाय. ह्या तिचा वचन समज..."

आता मथुरेनं व्हय म्हणायचं होतं. एकदा देवापुढं म्हटलं की संपलं, ते परत घेता येत नाही. ना लग्न, ना मूल, ना गोठ्यातलं वासरू. तिनं ओठ उघडले.

"नाय म्हाराजा."

आवाज मागून आला होता. माणसांनी माना वळवल्या. गाऱ्हाण्यात नाही म्हणायची रीतच नाही, आजवर कुणी म्हटलेलंही नव्हतं. गुरुदास पुढं आला होता.

"पिलां मी मारलंय," तो म्हणाला. "पोत्यातली पेंड बुरसलेली. हिरवा झालेला काढलंय, उरलेली उन्हात सुकवलंय नि हिका हाडून दिलंय. वहीत लिवलेला होता, असली पेंड कोंबडेक चालात, बदकाक नाय. गेल्या बेस्तरवारी मेलेली पिलां बघलंय तेवाच माका कळला. तरी मी गप ऱ्हवलंय. चुलीकडल्या चारांनी ती पेंड खावकच नाय. हिच्या हाताक काय एक नाय."

"मगे दिलंस कित्याक?" बाबलीनं विचारलं.

गुरुदासनं उत्तर बाबलीला दिलं, पण बघत होता मथुरेकडे. "नवीन पेंड येयपर्यंत ह्या बाजूक फिरकू नको म्हणान सायबान सांगलेला. पंधरा दिस. माका... माका बेस्तरवारी येवचा होता."

कुणी हसलं नाही. बाबलीनं नारळ खाली केला. "नोकरी जातली तुझी," तो म्हणाला.

"जावंदे."

राधाबाई गर्दीतून वाट काढत आली. लेकीच्या पदराखालून तिनं तिचा हात ओढून काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मथुरा रडली. खारेपाटणचा निरोप आला तेव्हा रडली नव्हती, बाप गेला तेव्हा कुणी रडू दिलं नव्हतं, ते सगळं आता एकदमच आलं. तिला सुटल्यासारखं वाटलं.

माणसं पांगली. गुरुदास बांधावर उभाच होता. बारीक पाऊस भाताच्या लोंब्यांवर पडत होता. मथुरा त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"सव्वीस," ती म्हणाली.

"होय."

"मी आठ दिस माझे हात बघीत बसलंय. नि तुमी गप."

"होय."

त्यानं सबब सांगितली असती तर बरं झालं असतं, तिला तिथूनच घरी वळता आलं असतं. तिला राग आला होता, अगदी खरा राग. आणि त्या रागाखाली तो तिला पहिल्याइतकाच हवा होता, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

"आता जावा. दिवाळी होयपर्यंत माका तोंड दाखवू नका."

"नि मगे?"

तो छत्री उघडायलाही विसरला होता.

"मगे येवा," ती म्हणाली. "पण पेंड नको, वही नको... कसलाच कारण घेवन येव नका."

"तुझ्या आवशीन विचारल्यान, कित्याक इलंस, तर?"

"तर खरा ता सांगा. आज सांगलात तसा, सगळ्यांसमोर."