फुलाच्या शेतातलं विमान

वासूनं चोपन्न वर्षांनी मला तोंड दाखवलं, आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "बाई, जरा बाजूला व्हा. तुमची सावली विमानावर पडतेय."

माझ्याच शेतात उभं राहून, मला! आणि विमान तरी कसलं — फळ्या, पत्रा आणि वरून हिरवा-करडा रंग. गणेशगुडीच्या अलीकडे रस्त्याला लागून माझं शेत, बाबाकडून वाटणीला आलेलं. भात कापून मोकळं झालेलं. एकाहत्तरच्या लढाईतल्या बॉम्ब टाकणाऱ्या विमानावर मालिका करायची म्हणून ही मंडळी दोन लाऱ्या घेऊन उतरलेली. पडलेलं विमान दाखवायला त्यांना रान पाहिजे होतं. आणि हा त्यांचा जाणकार, बेळगावहून आणलेला. खरं काय, खोटं काय, ते सांगायचं काम ह्याचं.

मी हलले नाही. म्हटलं, "सावली माझी, शेत माझं. विमान सरकवा."

तेव्हा त्यानं वर बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"फुला...?"

"ओळखलंस? मला वाटलं माझ्यातही काहीतरी चूक काढशील."

तो हसला. दात नवे होते, हसू तेच — डाव्या गालाकडून सुरू होणारं.

अठरा वर्षांची होते मी, तो बावीसचा. हवाई दलात विमानाला बॉम्ब लावायच्या कामावर होता. सुट्टीला आला की नखांत काळं ग्रीस. मी एकदा ओढ्यावर बसवून चुलीतल्या राखेनं त्याचे हात चोळून दिले होते, एकेक बोट. तो म्हणाला होता, "जास्त घासू नकोस, लवकर साफ झाले तर तू हात सोडशील." मी त्याच्या तोंडावर पाणी उडवलं. त्याच दिवशी बोलला, "शिगम्याला येतो, तुझ्या बाबाला विचारतो."

दोन शिगमे झाले, दोन होळ्या पेटल्या. आला नाही. मग माझं लग्न झालं, तुकारामशी. चांगला माणूस होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याला जाऊनही नऊ वर्षं झाली. पण एक गोष्ट आत तशीच राहिली होती — वासू का आला नाही? मंडळी चार दिवसांत जाणार, वासू त्यांच्याबरोबर जाणार. आणि मी आपणहून विचारणार? जीभ गळून पडली तरी नाही.

तर बांधावर बसून मी नुसती बघत होते. नेव्हिगेटर, म्हणजे विमानाला वाट दाखवणारा, म्हणून आणलेलं पोरगं देखणं, दाढीवालं, खांदे रेड्यासारखे. वासू त्या श्वेताला — सगळ्यांवर हुकूम चालवणारी पोर ती — समजावत होता.

"दाढीवर हवेचा मास्क बसणार न्हाई, गुदमरून मरंल हा. आणि ह्या खांद्यांनी शिरणार कसा? नेव्हिगेटर विमानाच्या नाकात जाऊन पोटावर झोपायचा."

"काका, लोकांना हिरो बघायला आवडतो."

"आमचा नेव्हिगेटर किडकिडीत होता. कान असे पुढं आलेले. पायलटच्या खुर्चीला बाहेर उडवायची सोय होती, त्याच्या खुर्चीला तीही न्हाई. त्याचं दार मीच लावायचो..." वाक्य तिथंच सोडून तो पत्र्यावर हात फिरवत राहिला. मी नजर वळवली.

त्यांच्या गोष्टीत असं होतं — नेव्हिगेटर रानात पडतो, कंद खणणारी एक पोरगी त्याला लपवते, भरवते, आणि म्हातारपणी तो तिला शोधत येतो. म्हातारी म्हणून शहरातली नटी आणली होती. तिनं कुदळ केरसुणीसारखी धरली आणि खणायला काय ठेवलं होतं? बटाटे! मी हसले, मोठ्यानं.

"आजी, हसायला काय झालं?" श्वेतानं विचारलं.

"पोरी, ह्या रानात बटाटा तुझ्या लारीतूनच आला. इथं मुडलीचे कंद खणतात. आणि खणताना तिचं डोकं मातीत परत ठेवतात, म्हणजे पुढच्या वर्षी फुटते."

माझी नात रक्षिता कुजबुजली, "अज्जी, गप बस ना!" पण श्वेता माझ्याकडे बघतच राहिली. नटीला चहा दिला, मला कुदळ दिली.

तालमीच्या वेळी म्हाताऱ्या नेव्हिगेटरचं काम करणारा नट रंग लावून घ्यायला बसला होता. श्वेता म्हणाली, "काका, तेवढ्यापुरते तुम्ही उभे राहा. 'मी आलोय' म्हणायचं. आजी, तुम्ही कुदळ टाकायची, रडत धावत जायचं."

"मी न्हाई धावत जायची. एवढी वर्षं जो फिरकला न्हाई त्याच्यासाठी रडायचं कशाला?"

"मग काय कराल?"

"विचारीन."

"काय?"

"का आला न्हाईस, ते."

मी नाटकातलंच बोलत होते. निदान मी तरी तसं धरून चालले होते. श्वेतानं टाळी वाजवली, "हेच! हेच करा!"

मी खणायला वाकले. माती ओली होती, धुक्याची. पाठीमागं पाचोळा वाजला...

"मी आलोय."

मी कुदळ सोडली नाही. "का आला न्हाईस, वासू?"

नाटकातल्या माणसाचं नाव वासू नव्हतं. रक्षिताच्या हातातला कप तिथंच थांबला.

वासूला कागदावरचं वाक्य पाठ होतं. ते त्यानं म्हटलं नाही.

"आलो होतो."

"कधी?"

"लढाई झाली, त्याच शिगम्याला. त्या किडकिडीत पोराचं दार मी लावलं होतं, फुला. हसून म्हणाला, 'नीट लाव रे.' विमान परत आलंच न्हाई. मी धावपट्टीवर सकाळपर्यंत थांबलो... मग सुट्टी मिळाली. ह्या शेताच्या कडेला आलो. तू बहिणींबरोबर मुडली खणत होतीस, हसत होतीस. मला वाटलं — हे हात आता हिच्या घराचं दार लावायला नकोत. मागं फिरलो."

"हाक का न्हाई घातलीस?"



आमच्या रानात कुणाच्याही शेताच्या कडेला आलं की लांबूनच कूऽऽ घालतात. वाघ नव्हे, चोर नव्हे, माणूस आलाय, हे कळायला. इथं वाढलेलं लेकरूही चुकत नाही. हा उभा राहिला आणि गप्प राहून गेला. त्या दिवशी पाचोळा वाजलेला मला आठवत होता. मी बहिणीला म्हटलं होतं, भेकर असेल.

"एक कू घातली असतीस तर मी वळले असते."

"म्हणूनच न्हाई घातली."

श्वेता हळूच म्हणाली, "आजी, कॅमेरा चालू होता... ठेवू का हे?"

"ठेवलंस तर तुझं विमान उद्या माझ्या चुलीत जाईल."

तिनं पुसून टाकलं, माझ्यासमोर. मग मी वासूकडे वळले. त्याचे डोळे भरले होते, माझे कोरडे. माझे का कोरडे होते ते माझं मलाच माहीत.

"लग्न केलंस?"

"केलं. चांगली होती. सात वर्षांखाली गेली."

"बरं झालं केलंस ते." मी कुदळ त्याच्या हातात दिली. "आता ऐक, वासू. सगळ्यांच्या चुका काढत फिरतोस, तुझी मी सांगते. तू वाईट न्हाईस, भित्रा हायस. दार तू लावलंस, पण विमान तू पाडलं न्हाईस. एवढं तुला त्याच दिवशी ह्याच बांधावर सांगितलं असतं मी, फुकट. आता ही मंडळी जाऊ देत. तुझी पिशवी लारीतून उतरव. राहा चार दिवस. मुडली खणायला ये माझ्यासंगं — आणि मी हाकलल्याशिवाय जायचं न्हाई."