बिनकाट्याचा घास

"सोडा तिला! आधी तुमचा हात काढा तिच्या अंगावरून!"

सुतपाचा आवाज चिरकला आणि निभापिशीच्या मांडीवरचं ताट फरशीवर कलंडलं. सहा वर्षांची झुमकी घशातून घरघरत होती, ओकाऱ्या काढत होती, रडायला पाहत होती पण रडू फुटत नव्हतं... इलिश माशाचा काटा! कोरड्या भाताचे गोळे गिळवून झाले, केळं झालं, पण काटा जागचा हलेना. अनिमेषने लेकीला उचललं आणि तो दवाखान्याकडे धावत सुटला. मागोमाग निघालेली सुतपा उंबऱ्यातच वळली.

"कालच म्हणाला होतात ना, पिशीमा? 'अडकू दे एकदा काटा घशात, मग कळेल!' कळलं हो मला. चांगलंच कळलं!"

पिशी म्हणाली होती खरी. मुलीने आता आपल्या हाताने जेवावं असा सुतपाचा हट्ट होता, त्यावरून आदल्या दिवशी दोघींची जुंपली होती आणि रागाच्या भरात ते वाक्य जिभेवरून सुटलं होतं. कोणत्या मेल्या घटकेला सुटलं, देव जाणे! निभापिशी माशाने माखलेली बोटं तशीच धरून बसून राहिली. ही तीच बोटं होती, ज्यांनी या घरात कुणाच्या घशाला कधी काटा लागू दिला नव्हता. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं करून ती कालन्याला भावाकडे परतली, भावजय रांगतं पोर मागे ठेवून गेली, आणि त्या पोराची, अनिमेषची, ही पिशी म्हणजे आत्याच आई झाली. ज्या माशाची चव तिने वैधव्यानंतर जिभेला लागू दिली नाही, त्याच माशाचे केसासारखे काटे ती जन्मभर दुसऱ्यांसाठी वेचत राहिली... आधी अनिमेषसाठी, मग झुमकीसाठी.

संध्याकाळी झुमकी घरी आली. काटा निघाला होता, घसा सुजला होता. अनिमेष पिशीजवळ टेकला आणि हळूच म्हणाला, "पिशी, खरं सांग. काटा तुला दिसला नाही का?"

किती सोपं होतं 'नाही' म्हणणं! त्या एका शब्दाने सगळं किल्मिष धुऊन गेलं असतं. पण त्या शब्दापाठोपाठ काय येणार, हे तिला ठाऊक होतं. डॉक्टर, टेबल, सुरी...

"दिसतं की मला," ती म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं."

अनिमेष उठून गेला. भिंतीपलीकडे सुतपाचा हुंदका ऐकू आला, आणि त्या दिवसापासून झुमकीचं ताट पिशीच्या मांडीवर आलं नाही.

दिसत कुठे होतं? वर्षभरापासून सगळ्या जगावर भाताच्या पेजेची साय धरली होती. मोतीबिंदू म्हणतात तो हाच, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. पण तिने आपल्या आईचा डोळा पाहिला होता! शाळेच्या इमारतीत भरलेल्या शिबिरात आईचं ऑपरेशन झालं, आणि थोड्याच दिवसांत तो डोळा पिकला, वाहिला, आणि शेवटी खोबणीत काही उरलंच नाही. नंतर कोणी म्हणालं, पौष संक्रांतीला गंगेत बुडी मारली, डोळ्यात पाणी गेलं म्हणून झालं. कोणी म्हणालं, सुरीच खराब होती. पण त्या रिकाम्या खोबणीतला पू कापसाने पुसणारी निभा तेव्हा परकरात होती, आणि तो वास अजून तिच्या नाकातून गेला नव्हता.

म्हणून तिने वैरीणपण पत्करलं. झुमकी आजीला "ठाम्मा" म्हणत जवळ आली की सुतपा कामाच्या मिषाने तिला हाक मारून घेई. दुर्गापुजो आली. अंजली देताना पिशीने ढाक नावाच्या ढोलाच्या आवाजाच्या रोखाने फुलं टाकली. देवीचा मुखडा काही दिसला नाही. घरात ती भिंतीला हात लावत, पावलांनी जागा चाचपत फिरायची, आणि कोणी पाहिलंच तर गुडघ्यांच्या नावाने खडे फोडायची.

आणि मग तो वड्यांचा दिवस उगवला.

सुतपाने दोन वाडग्यांत वडे काढले होते. एकात पिशीसाठी डाळीचे, दुसऱ्यात घरच्यांसाठी माशाच्या अंड्यांचे. रंग एक, आकार एक, आणि घरभर माशाचाच वास. पिशीने चाचपत हात घातला आणि घास तोंडात टाकला.

पहिल्याच चाव्याला जिभेने ओळखलं! अंगावर सर्रकन काटा आला. थुंकावं, धावावं, अंगावर पाणी ओतावं... पण समोर सुतपा उभी होती. थुंकलं की कळणार, आणि कळलं की टेबल. निभापिशीने डोळे घट्ट मिटले आणि सगळ्या आयुष्याचं व्रत एका आवंढ्यासरशी गिळून टाकलं.

"पिशीमा... काय खाल्लंत?"

"वडा. तुझा डाळीचा. झकास झालाय हो."

"तो माशाच्या अंड्यांचा होता." सुतपाने वाडगा उचलून घेतला. "चव कळली नाही म्हणू नका. मी तुमचं तोंड पाहत होते. माशाचा पळा नुसता लागला तर भर थंडीत आंघोळ करणारी बाई तुम्ही... आणि गिळलात? का?"

सुतपाने पुढे होऊन तिची हनुवटी धरली आणि चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. दोन्ही बुबुळांत दुधाचे थेंब गोठले होते.

"अगं बाई...! त्या दिवशी काटा तुम्हाला दिसलाच नव्हता!"

"नको ग बौमा, अनिमेषला नको सांगू!" पिशीने सुनेचे दोन्ही हात गच्च धरले. "ते कापतील ग! माझ्या आईचा डोळा... मी माझ्या हातांनी पुसलाय तो!" आणि इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं सगळं ती भडाभडा बोलून गेली.

ऐकता ऐकता सुतपा संतापली. "आणि मी? इतके महिने मी तुम्हाला राक्षसीण समजत होते! माझ्या लेकीच्या मुळावर उठलेली बाई म्हणून बघत होते! आणि तुम्ही मला खुशाल समजू दिलंत?"

"समज ग, राक्षसीण समज! पण डोळा नको कापू माझा!"

यावर रडावं की हसावं तेच सुतपाला कळेना. ती मटकन खाली बसली. मग म्हणाली, "झुमकीच्या बाळंतपणात मी किती घाबरले होते, आठवतं? टेबलावर चढत नव्हते. डॉक्टर ओरडत होते. तेव्हा कोण म्हणालं होतं, 'तू जा आत, मी दाराशी उभी आहे, हलायची नाही'?"

"मी..."

"आणि हललात?"

"नाही ग. पाय सुजले पण हलले नाही."

"मग आता माझी पाळी."

बर्धमानच्या दवाखान्यात जायला निघताना देवीचं नाव, "दुग्गा, दुग्गा" म्हणायचंही पिशीला सुचलं नाही. अनिमेष तिची पिशवी उगाचच पुन्हा पुन्हा नीट करत होता. डोळ्यात थेंबावर थेंब पडले. हिरवी टोपी चढली. आत नेताना तिने सुतपाचा पदर असा मुठीत धरला की परिचारिकेला एकेक बोट सोडवावं लागलं. मग तोंडावर कापड आलं, वर पांढराशुभ्र झोत, आणि कुणाचा तरी थंड आवाज... "आजी, हलायचं नाही हं." हलायचं कुठे, तिचा श्वाससुद्धा छातीत अडकला होता! डोळ्यावर पाणी ओघळत होतं. पाणी! आईच्या डोळ्याला लागलं तेच पाणी! ओरडावंसं वाटलं. पण दाराशी कोणीतरी उभं आहे, हलणार नाही म्हणालं आहे, एवढं एकच ती मनात घट्ट धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. पिशी डोळा उघडेना. "आत काही नसेल तर?" असं ती पुटपुटत राहिली. डॉक्टर हसले आणि थांबले. शेवटी पापणी थरथरली, वर उचलली गेली... समोर सुतपा होती. केवढी वाळली होती पोर! डोळ्यांखाली काळं, भांगातल्या सिंदुराशेजारी पांढरे केस. हे कधी झालं? आपण एकाच घरात होतो ना?

सुतपाने तिचे पाय धरले. "मला क्षमा करा, पिशीमा! तुमच्यावर नको नको तो आळ..."

"ए! रडू नकोस!" पिशी घाबरून किंचाळली. "तू रडलीस की मला रडू येईल! डोळ्यात पाणी जाईल! गप बस, गप!"

त्या खोलीत दोघी बायका छताकडे पाहत, ओठ आवळून, आवंढे गिळत राहिल्या. डॉक्टर म्हणाले, अश्रूंनी काही बिघडत नाही. पण पिशी त्यांच्या शब्दावर डोळा सोपवायला तयार नव्हती.

घरी आल्यावरही भीती उशाशी बसलेलीच. डोक्यावरून पाणी नाही, चुलीपाशी जाणं नाही, वाकणं नाही. थेंब घातल्यावर चुरचुरलं की "पिकला ग पिकला!" म्हणून ती घर डोक्यावर घेई. सुतपा हातातलं टाकून धावत येई, बघे, आणि म्हणे, "काही नाही. स्वच्छ आहे." रोज तेच, आणि रोज पिशीला ते नव्याने ऐकायचं असे. औषधं संपली, चष्मा आला, तेव्हा कुठे तिने स्वतः आरशात डोकावून पाहिलं.

सरस्वतीपूजेला अनिमेषने इलिशची जोडी आणली. सुतपाने ताट वाढलं, आणि ते पिशीच्या पुढ्यात ठेवून झुमकीला तिथेच बसवलं.

पिशीने हात मागे घेतला. "नको. तू भरव."

"दिसतंय ना आता?"

"दिसतंय ग, सगळं दिसतंय. पण हात भितो." ती घरघर, तो चिरका आवाज... सगळं त्या ताटात बसलं होतं. "पुन्हा काही झालं तर? या खेपेला तर दिसलं नाही असं म्हणायलासुद्धा उरलं नाही, बौमा!"

सुतपाने झुमकीला किंचित बाजूला सरकवलं, स्वतः मांडी घालून पिशीच्या समोर बसली, आणि म्हणाली, "मग पहिला घास मला."

निभापिशी पाहतच राहिली. ताटात पांढऱ्या भातावर पांढरा मासा, आणि त्यातला एकेक काटा लख्ख दिसत होता. तिने वेचायला सुरुवात केली. लांब काटे, आखूड काटे, दुबेळके काटे ताटाच्या कडेला साठत गेले. दोनदा वेचून झालं तरी तिने तिसऱ्यांदा बोटांनी चाचपून पाहिलं. मग भातात कालवून लहानसा घास उचलला.

सुतपाने डोळे मिटले आणि लहान मुलीसारखा आ केला.

"चाव नीट," पिशी म्हणाली. "सावकाश."

सुतपाने चावलं. गिळलं. डोळे उघडले, तर पिशीच्या चष्म्याखालून धारा लागल्या होत्या, आणि ती त्या पुसतही नव्हती.

"पिशीमा, डोळ्यात पाणी!"

"असू दे," निभापिशी म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत, काही होत नाही." आणि तिने दुसरा घास झुमकीसाठी कालवायला घेतला.