तसबिरीचं कपाळ

टॉर्च बंद कर रं सार्थक. सेल काय फुकटचं हायत? लाइट यायची तवा येईल. आन शिवानी, तू भिणार असशील तर आत्ताच आत जा. मधनंच उठून आईला हाका मारायच्या न्हाईत.

ही गोष्ट माझी न्हवं, विजयसिंहाची. मीबी थोडा हुतो त्यात, पण त्या रात्री कारखान्यात काय झालं ते त्याच्या तोंडनं ऐकलेलं. विजयसिंह आपल्या शुक्रवार पेठंतलाच. शिकला, दिल्लीला गेला, तितल्या एका मोठ्या सरकारी म्युझियमात साहेब झाला. कुठली चित्रं मांडायची, कुठल्या भिंतीवर, कशाशेजारी काय, उजेड किती, पाटीवर काय लिवायचं, हे सगळं त्यानं ठरवायचं. अठ्ठ्याण्णव साली त्यानं आपल्या कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांचं प्रदर्शन काढलं. घराघरांतनं चित्रं गोळा करायची, माझ्या कारखान्यात पेट्यांत भरायची आन दिल्लीला धाडायची. फ्रेमा आन पेट्या माझ्याकडं. चाळीस गेली. एकच ऱ्हायलं, कागलचं.

नोव्हेंबरची अठरा तारीख. बुधवार, अमावस्या. पेटीवर तारीख खडूनं मीच घातली, म्हणून ध्यानात हाय.

दुपारी टेंपो घेऊन कागलला गेलतो, गुंडूतात्यांच्या घरी. तात्या शहात्तर वर्षांचं, पण गडी ठणठणीत. आम्ही गेलो तवा म्हशीला वैरण टाकत हुतं. तसबीर त्यांच्या पयल्या बायकूची, शालूबाईची. ती बाविसाव्या वर्षी गेली. गेल्यावर फोटूवरनं चित्रकारानं काढली. काय काढलीया लेकांनो! हिरवं लुगडं, मनगटभर हिरवा चुडा, आन डोळं असं की कुठंबी उभं ऱ्हावा, तुमच्याकडंच. मला ती पयल्यापासनं आवडली न्हाय, खरं सांगतो.

घरात दुसरी बायकू, झुंबरबाई. दुसरपणाची बायकू गळ्यात सवतीचा टाक घालती, म्हायती हाय न्हवं? हुपरीचा चांदीचा, मेलेलीचा मान म्हणून. ह्या घरात टाक न्हवता, तसबीर हुती. रोज सकाळी झुंबरबाई आधी तसबिरीच्या कपाळावर कुंकू लावायची. गोल, रुपयाएवढं. मग आपल्या कपाळावर. आपलं मात्र आडवं, खाली मेण लावून. तिच्या माहेरची ती रीत. अठ्ठेचाळीस वर्षांत एक सकाळ चुकली न्हवती. चित्रावर कुंकवाचा थर बोराएवढा चढलेला.

तात्या म्हणालं, "जाऊ दे की दिल्लीला. चित्रकाराचं नाव हुईल."

झुंबरबाईच्या मनात न्हवतं. नवऱ्यापुढं बोलली न्हाय. टेंपोपाशी आली, कुंकवाचा करंडा विजयसिंहाच्या हातात दिला.

"पोरा, हाय ते पुसायचं न्हाय. आन रोज सकाळी वरनं बोट लावायचं. लई कडक हाय ती. तिचा मान हाय तवर आमचं मालक हायत."

"न्हाय पुसत, मावशी," विजयसिंह म्हणाला. आन म्हणताना मान खाली. कागदावर चित्राच्या भेगा लिवून घेत हुता.

सांजंला कारखान्यात आलो. रात्री प्रदर्शनाच्या पुस्तकासाठी फोटू काढायचा, सकाळी पेटी गाडीत चढवायची. दिवा लावला तसा तो लाल थर नुसता डोळ्यांत घुसाय लागला.

"जोतीरामदादा, हे चित्रकाराच्या हातचं न्हाय. नंतर चढलंय. नंतरचं काढायचं, हाच आमचा नियम. असंच छापलं तर दिल्लीत हसतील मला."

"अरं, म्हातारीला शब्द दिलायस की!"

"परत आणल्यावर लावू. तिला काय कळणार हाय?"

मी वाद घातला न्हाय. उलट कापूस मीच दिला. टरपेंटीनची बाटलीबी मीच. आजबी आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावं वाटतं.

पाऊण तास घासत हुता. खालनं काय निघालं म्हायताय? कोरं कपाळ. चित्रकारानं कुंकू काढलंच न्हवतं. ते घरातल्या बाईनं लावायचं म्हणून जागा सोडलेली. सवाष्ण मेलेली बाई, आन आम्ही तिला रांडवेचं कपाळ दिलं. फोटूवाला फोटू काढून गेला. तसबीर पेटीत घातली, झाकणाला बारा स्क्रू मीच आवळले. चित्र एकटं सोडायचं न्हाय असा त्यांचा कायदा, म्हणून विजयसिंह पेटीशेजारीच झोपला. मी मागं घरात गेलो.

आता हितनं फुडं त्याचं ऐका.

एक वाजून दहा मिन्टं झालती. त्याला जाग आली ती वासानं. टरपेंटीनचा वास. बाटली तर मी घरात नेलती.

मग आवाज. किणकिण... बांगड्यांचा. पेटीतनं.

त्यानं दिवा लावला. आवाज थांबला. त्यानं पेटीला कान लावला. आत... कोणतरी श्वास घेत हुतं. सावकाश. आन मग, आतनं, त्याच्या कानाच्या बरुबर समोर, फळीवर नख ओढलं.

त्याला एकदम म्हातारीचं बोलणं आठवलं. करंडा घेतला. पेचकस घेतला. एक स्क्रू फिरंना. दुसरा फिरंना. संध्याकाळी आवळलेले स्क्रू, लेकांनो, गंजून बसल्यागत. तळहात सोलला, रक्त आलं. एकबी हालला न्हाय.

कारखान्यात फोन हुता. त्यानं कागलला लावला. पयल्या घंटीलाच उचलला.

"मावशी, मी विजयसिंह..."

"पुसलंस."

त्यानं करंडा मुठीत आवळला.

"पुसलंस न्हवं?"

"मावशी, मी आत्ता लावतो. करंडा हातातच हाय. पेटी तेवढी..."

"ती हितं आलीया."

"...कोण?"

"मालकांच्या उशाला बसलीया. माझ्याकडं बगतीया." मग लई बारीक आवाजात, "आक्का, माझी चूक न्हाय. मी न्हाय पुसलं, आक्का..."

मग काय न्हाय. नुसती खरखर.

मग बांगडी फुटली. फोनमधनं आवाज आला... आन पेटीतनंबी. एकाच टायमाला.

दुसरी.

तिसरी.

त्यानं माझं दार असं बडवलं की मला वाटलं आग लागली. मी पटाशी, हातोडा घेऊन पेटीपाशी गेलो. झाकणाची साधी ढलपी निघंना. फोन परत लावला, कोण उचलंना. माझी राजदूत फटफटी काढली. वाटंत तो मागं बसून एकच म्हणत हुता, "तात्या असू देत... तात्या असू देत..."

पावणेतीनला कागलला पोचलो. दार सताड उघडं. घरात रडं न्हवतं. तात्या अंथरुणावर, डोळं उघडं, उशाकडं बगत्याती. गार पडलेलं.

झुंबरबाई भिंतीला टेकून बसलेली. शेजारपाजारचं कोण आलं न्हवतं अजून. तरी दोनी हात रिकामं. म्होरं हिरव्या काचंचा ढीग. आन कपाळ... लेकांनो, कपाळ पुसलेलं. मेणासकट. कातडी लालबुंद, कुणीतरी पाऊण तास घासल्यागत. आन टरपेंटीनचा वास.

"मावशी..." विजयसिंह खाली बसला. पाय धरले. "मावशी, माफ करा."

तिनं पाय वढून घेतलं.

"मी हात लावला न्हाय," ती म्हणाली. "बांगड्यांनाबी न्हाय, कपाळालाबी न्हाय. तू पुसलंस तिचं, तिनं पुसलं माझं. जा. तिला घेऊन जा. परत ह्या घरात आणलीस तर चुलीत घालीन."

आम्ही आलो. सकाळी त्याच पेटीला हात लावला तर हलकी, साधी. उघडून बगायची छाती न्हवती आमची. तशीच गाडीत घातली.

चौथ्या दिवशी दुपारी त्याचा दिल्लीवरनं फोन. पेटी चार माणसांसमोर उघडली हुती. बारा स्क्रू जाग्यावर, माझी खडूची तारीख तशीच. स्क्रू लोण्यातनं निघाल्यागत निघाले, म्हणाला.

"बांगड्या?" मी इचारलं.

"हायत. चुडा हाय तसा हाय."

"आन कपाळ? कोरंच न्हवं?"



"कुंकू हाय, दादा. ओलं. बोटाला लागतंय."

"अरं, मग गोल..."

"गोल न्हाय, दादा," तो म्हणाला. "आडवं हाय. खाली मेण लावून."